तत्त्व आणि टीपी

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे, जेमतेम शंभरेक घरांचं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या गावात आले, आणि त्यांनी ग्रामसभेच्या हाती एक पुस्तक दिलं. पुस्तक म्हणजे ग्रंथ नव्हे. किराणा दुकानातल्या पावतीपुस्तकासारखं, वनोपजाच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक. माल कोणाचा, किती, कोणत्या गाडीत, कुठून कुठे चालला, एवढंच त्यावर लिहायचं असतं. जंगलभागात त्याला ‘टीपी’ म्हणतात. टीपी नसेल तर वनखात्याच्या नाक्यावर गाडी थांबते आणि माल चोरीचा ठरतो.

एवढ्याशा पुस्तकासाठी दोन मंत्री का यावेत? कारण त्याआधी दोन वर्षं, २००९ मध्ये, वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या दोन गावांपैकी मेंढा एक, दुसरं शेजारचं मर्दा. २००६ च्या त्या कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे आणि गौण वनोपजाची मालकी गावाची आहे. पण १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला झाड म्हणत होता, आणि वनखातं बोट ठेवत होतं ते १९२७ च्या पानावर. म्हणजे हक्क गावाचा, बांबू गावाचा, तोडायला हरकत नाही; फक्त गावाबाहेर न्यायचा नाही. मार्च २०११ मध्ये रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितलं. मग ते पुस्तक मेंढ्यात पोचलं.

राजकारण, कायदा आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार या तिन्ही ठिकाणी ‘मार्गदर्शक तत्त्वं’ नावाची एक चीज असते. ती आज्ञा नसते, नुसती सदिच्छाही नसते. राज्याने कोणत्या दिशेला चालावं हे ती सांगते, चाललं नाही तर शिक्षा मात्र सांगत नाही. अशा तत्त्वांचा खरोखर उपयोग काय, हा वाद राज्यघटनेइतकाच जुना आहे. तो दिल्लीच्या ग्रंथालयात बसून तपासता येतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो जास्त लख्ख दिसतो, कारण घटनेच्या चौथ्या भागातली बरीचशी कलमं इथे एकमेकांच्या अंगावर येतात: दारूबंदीचं ४७, गावपंचायतीचं ४०, जंगलाचं ४८ अ, भौतिक साधनसंपत्तीचं ३९ (ब), आदिवासींच्या हिताचं ४६. आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आदराचं ५१ सुद्धा.

बँकेच्या सोयीने वटणारा चेक

मार्गदर्शक तत्त्वांची ही कल्पना आपण आयर्लंडकडून घेतली. १९३७ च्या आयरिश घटनेत ४५ वं कलम सामाजिक धोरणाची तत्त्वं सांगतं आणि न्यायालयांनी त्यात पडू नये असंही बजावतं. आपलं कलम ३७ त्याच वळणाचं आहे. ते एका दमात दोन गोष्टी सांगतं: ही तत्त्वं कोणत्याही न्यायालयाकरवी अंमलात आणता येणार नाहीत, आणि तरीही ती देशाच्या कारभारात मूलभूत आहेत.

घटना समितीत यावर टीका झाली. के. टी. शहा यांनी ही तत्त्वं म्हणजे बँकेला सोयीचं होईल तेव्हाच वटणारा चेक आहे, अशी थट्टा केली. टी. टी. कृष्णम्माचारींना ती भावनांची कचरापेटी वाटली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उत्तर वेगळं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यातल्या गव्हर्नरांना द्यायच्या सूचनापत्रांची आठवण करून दिली आणि म्हटलं, की सत्तेवर कोणीही येवो, त्याला या सूचनांचा मान राखावा लागेल. त्या मोडल्याचा जाब न्यायालयात द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीत मतदारांपुढे द्यावा लागेल.

पुढच्या ७५ वर्षांत न्यायालयाने या तत्त्वांना कधी खालच्या पायरीवर बसवलं, कधी वरच्या. १९५१ च्या चंपकम दोराईराजन खटल्यात मूलभूत हक्क वरचढ ठरले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यानंतर आणि विशेषतः १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालानंतर दोन्हींचा तोल हाच घटनेचा पाया मानला गेला. एका तत्त्वाला तर बढती मिळाली: मुलांच्या शिक्षणाचं कलम ४५ हे १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालातून आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीतून २१ अ हा मूलभूत हक्क झालं. बाकीची तत्त्वं मात्र जिथल्या तिथे आहेत.

हा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत सविस्तर आहे. त्याने एक प्रश्न मात्र सुटत नाही. मतदारांपुढे जाब द्यावा लागेल असं आंबेडकर म्हणाले. पण ज्याच्यासाठी ते तत्त्व आहे तो मतदार थोडा, दूरचा आणि दबलेला असेल तर? त्याने जाब कुठल्या खिडकीवर मागायचा?

उभी बाटली, आडवी बाटली

कलम ४७ सांगतं, की राज्याने लोकांचं पोषण आणि आरोग्य सुधारावं, आणि औषधी उपयोग सोडून मादक पेयांची बंदी घडवून आणण्याचा प्रयत्न करावा. महाराष्ट्रात हे तत्त्व कसं नांदतं पाहा. राज्यातली दारूची दुकानं ज्या कायद्याखाली चालतात तो १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे. नाव बंदीचं, कारभार परवान्यांचा. पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा अशी त्यात सोय आहे. तत्त्व शाबूत, महसूलही शाबूत.

बंदी खरोखर आली ती जिल्ह्यापुरती. गांधीजींचा म्हणून वर्धा १९७५ मध्ये कोरडा झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आणि गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या दारूमुक्तीच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूर राहिला मधे: दोन्ही अंगांना कोरडे जिल्हे आणि आपण ओला. कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, आणि पगाराच्या दिवशी भट्टीसमोरची रांग. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामींच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या बाया चिमूरहून चालत नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. शासनाने समिती नेमली, समितीने अहवाल दिला, सरकार बदललं, आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर कोरडा झाला.

सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल समोर होता. अवैध दारू वाढली, बनावट दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, पोरं आणि बाया दारूच्या वाहतुकीत ओढल्या गेल्या, महसूल बुडाला, अशी कारणं पुढे आली. बंदीच्या बाजूचे म्हणाले, अंमलबजावणी फसली म्हणून तत्त्वाला फाशी का? हेल्मेट कोणी घालत नाही म्हणून हेल्मेटचा नियम रद्द करतो का आपण?

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच वादाचं मूळ जरा बाजूला शोधायला हवं. चंद्रपूरची बंदी मुंबईतून आली आणि मुंबईतूनच गेली. येताना बायांचं आंदोलन होतं, जाताना बायांना कोणी विचारलं नाही. कलम ४७ दोन्ही वेळी पुस्तकात होतं, अक्षराचाही फरक न होता. एका मंत्रिमंडळाला ते दिसलं, दुसऱ्याला दिसलं नाही.

याच राज्यात त्या कलमाची एक वेगळी वाट आहे. गावातलं किंवा वॉर्डातलं दुकान बंद करायचं असेल तर बायांनी मागणी करायची, सरकारी देखरेखीखाली मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: एक बाटली उभी, एक आडवी. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. झालेल्या मतांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी बाई रोजीवर गेली, माहेरी गेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरातच बसली, ती आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जाते. नियम कडक आहे, बायांवर जरा अन्यायच करणारा आहे. तरीही ‘बाटली आडवी केली’ हा शब्दप्रयोग मराठीत रुजला तो यामुळे, की इथे कलम ४७ एका चित्राच्या रूपाने बाईच्या बोटाखाली आलं.

आणि आदिवासींचं काय? हा प्रश्नही घटना समितीत विचारला गेला होता. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी जयपाल सिंग मुंडा उठून म्हणाले, की या देशाच्या सर्वांत जुन्या लोकांच्या धर्माचरणात तुम्ही हात घालता आहात; तांदळाच्या बियरशिवाय संथालाची रोवणी होत नाही. गडचिरोलीत हेच मोहाबद्दल म्हणता येईल. मोहाची दारू देवाला वाहायची वस्तू आहे, आणि तीच दारू दलालाच्या हाती गेली की घर बुडवणारी. आदिवासी भागातल्या पंचायतींसाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याने यावर सांगितलेला तोडगा शहाणपणाचा आहे: अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांची विक्री आणि सेवन बंद करायचं, आवरायचं की कसं ते गावाने ठरवावं. म्हणजे कलम ४७ चा अर्थ लावायचा अधिकारच गावाकडे. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावसंघटनांवर भर देतं ते उगीच नाही. जिल्ह्याची बंदी पोलिसांच्या वहीत असते. गावाची बंदी शेजारणीच्या नजरेत असते.

आमच्या गावात आम्हीच सरकार

कलम ४० ची कथा आणखी वळणावळणाची. घटनेच्या मूळ मसुद्यात गावपंचायत नव्हतीच. आंबेडकरांचा खेड्यावर विश्वास नव्हता. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर, असं ते त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात म्हणाले, आणि ज्या समाजाने गावकुसाबाहेरचं जगणं भोगलं त्याच्या वतीने ते म्हणाले. गांधीवादी सदस्य नाराज झाले, के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली, आंबेडकरांनी ती स्वीकारली. ग्रामपंचायती असाव्यात आणि त्यांना स्वराज्याचे अधिकार असावेत, हे तत्त्व अशा तडजोडीतून चौथ्या भागात येऊन बसलं. त्याला दात यायला १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती उजाडली. आदिवासी क्षेत्रासाठी भुरिया समितीच्या अहवालानंतर डिसेंबर १९९६ मध्ये पेसा आला. महाराष्ट्राने पेसाचे नियम केले ते मार्च २०१४ मध्ये. तत्त्व १९४८ चं, नियम २०१४ चे.

मेंढा या सगळ्याची वाट पाहत बसलं नाही. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ मानव बचाओ’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, लाल श्याम शाह महाराज होते. त्या धगीतून मेंढ्याच्या देवाजी तोफांसारखे कार्यकर्ते घडले आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावाशी जोडले गेले. गोंडी मुलखात ‘मावा नाटे, मावा राज’ ही घोषणा होतीच. मेंढ्याने मराठीत घातलेलं तिचं रूप महाराष्ट्रभर गेलं: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’.

या घोषणेचा पूर्वार्ध पुष्कळदा विसरला जातो. दिल्ली-मुंबईतलं सरकारही आमचंच, असं हे गाव म्हणतं. फुटून निघण्याची भाषा त्यात नाही. माओवादी ज्या जंगलातून सरकारच्या विरोधात बंदूक चालवत होते, त्याच जंगलात हे गाव सरकारचाच कायदा सरकारला वाचून दाखवत होतं.

वाचून दाखवत होतं हे अक्षरशः खरं आहे. मेंढ्याची दोन अवजारं होती. एक ग्रामसभा, जिथे बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा. दुसरा अभ्यासगट, जिथे निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. कायदा काय म्हणतो, बांबू कसा वाढतो, कागद कारखान्याचा करार काय आहे, हे तिथे गावकरी आणि बाहेरचे जाणकार मिळून चघळत. इंग्रजीत अडकलेलं कलम अभ्यासगटात मराठीत आणि गोंडीत उतरायचं, आणि मग ग्रामसभेत ठराव होऊन वनखात्याच्या टेबलावर परत जायचं. मार्गदर्शक तत्त्व म्हणजे काय हे या देवघेवीतून जितकं कळतं, तितकं निकालपत्रांतून कळत नाही.

टीपीचं पुस्तक मिळाल्यावर ग्रामसभा बांबूची मालक म्हणून बाजारात उतरली. पॅन कार्ड काढलं, बँकेत खातं, निविदा, मोजदाद, मजुरीचे हिशेब. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. विनोबांच्या ग्रामदानाचा कायदा इतकी वर्षं पुस्तकात पडून होता. एका गावाने तो उचलला, तेव्हा आता याचं करायचं काय हे यंत्रणेलाच उमगेना, आणि त्या निर्णयाला सरकारदरबारी पूर्ण मान मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली.

मेंढा एकटं राहिलं असतं तर ते प्रदर्शनातलं गाव ठरलं असतं. पण गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. पेसाखाली अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. ७० पानांचा एक पुडा आणि शेकड्याला भाव, हे गणित जे कंत्राटदार सांगायचा ते आता गाव सांगू लागलं. २०१७ मध्ये भाव असा चढला की गावं चकित झाली; पुढे काही हंगामांत कंत्राटदारांनी पैसे थकवले आणि ग्रामसभांना वसुलीसाठी खेटे घालावे लागले. दोन्ही खरं आहे. हक्क मिळाला म्हणून बाजार सरळ होत नाही. सगळ्याच ग्रामसभा मेंढ्यासारख्या चालत नाहीत. कुठे सचिवच सारं काही असतो, कुठे ठरावावर अंगठे आधी आणि मजकूर नंतर येतो. आंबेडकरांची शंका अगदीच फोल नव्हती. तिच्यावर उपाय मात्र अधिकार काढून घेणं हा नाही. अभ्यासगट वाढवणं हा आहे.

दोन तत्त्वं समोरासमोर

आतापर्यंत एकेका तत्त्वाची गोष्ट झाली. खरी कसोटी दोन तत्त्वं समोरासमोर आली की लागते.

कलम ४८ अ, म्हणजे पर्यावरणाचं आणि वन्यजीवांचं रक्षण, हे आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलं. घटनेतली सगळी बरी कलमं बऱ्या वेळी आलेली नाहीत. त्याच्या बळावर आणि सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १९९६ पासून दिलेल्या आदेशांच्या बळावर देशातलं बरंच जंगल वाचलं. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे; आजूबाजूचं अंधारी अभयारण्य जोडून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाढले, पर्यटन वाढलं. कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं उठून बाहेर आली. कायद्यात पुनर्वसन ऐच्छिक आहे. पण बिबट्याच्या भीतीने शेत पडीक, रस्ता नाही, वीज नाही, मोह वेचायला मनाई, अशा गावाने ‘आम्ही राजीखुशीने जातो’ म्हटलं तर त्या खुशीत राजी किती, हे ज्याने त्याने ठरवावं. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेबाहेर, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या शेतांत, वाघाच्या हल्ल्यात मरतात ते सरपण नि मोह वेचायला गेलेले लोक. ४८ अ ची किंमत ते देतात, ४८ अ चं श्रेय दुसरीकडे जातं.

मग कलम ३९ (ब): समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताचं होईल असं वाटलं जावं. खाणींचं राष्ट्रीयीकरण याच कलमाच्या आधाराने झालं. कुठलीही खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरते का, हा प्रश्न थेट महाराष्ट्रातून, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या वादातून, सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की सरसकट नाही. पण गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या सुरजागड डोंगरातलं लोहखनिज कोणाचं, हा प्रश्न त्या निकालात नव्हता. तिथे २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीच्या कामावरची कित्येक वाहनं जाळली. त्यानंतर काही वर्षांनी बंदोबस्तात खाण जोरात सुरू झाली. तो डोंगर आसपासच्या माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचा डोंगर आहे. सरकार म्हणतं, मागास जिल्ह्याला रोजगार आणि उद्योग हवा. हेही कलम ३८ आणि ४६ मधलंच तत्त्व. गावं म्हणतात, आमच्या संमतीशिवाय कसं? हे पेसाचं आणि वनहक्काचं तत्त्व. प्रकल्पविस्ताराची जनसुनावणी २०२२ मध्ये झाली ती डोंगराच्या पायथ्याशी नाही, दूर जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीत. तत्त्व कागदावर पाळलं गेलं. अंतर मात्र कागदावर नसतं.

विकासाचं तत्त्व शेवटी कुठे नेऊ शकतं हे पाहायला चंद्रपूर शहर पुरे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं आलं. गुण जास्त म्हणजे घाण जास्त. पुढच्या वर्षी नव्या उद्योगांवर काही काळ बंदी आली, मग ती शिथिल झाली. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच या देशाच्या कायद्याचा भाग मानलं होतं. उन्हाळ्यात शहरातल्या बंगाली कॅम्पातल्या घराच्या ओसरीवरून सकाळी हात फिरवा; ती भरपाई कोणत्या रंगाची असते ते बोटाला दिसेल.

जगाच्या पंचायतीत

आंतरराष्ट्रीय व्यवहारात तर सगळा कारभारच बव्हंशी अशा तत्त्वांवर चालतो, कारण तिथे फौजदार नाही. एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि चीनने पंचशील मान्य केलं. आठ वर्षांनी काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून पंचशील वाया गेलं असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की आजही कोणताही छोटा देश मोठ्यापुढे उभा राहतो तो हीच भाषा बोलून. तत्त्व मोडता येतं, पण मोडलं असं म्हणता येण्यासाठीही ते असावं लागतं.

आदिवासींबाबत भारताची भूमिका दुटप्पी म्हणावी अशी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्येच स्वीकारला. त्याच्या जागी आलेला १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार मात्र आजवर नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं, आणि आमच्याकडे सगळेच मूलनिवासी आहेत, असंही सांगून ठेवलं. त्या जाहीरनाम्याचा गाभा म्हणजे प्रकल्पाआधी, दडपणाशिवाय, सगळं समजून दिलेली संमती. करार नाही, बंधन नाही. पण २००९ मध्ये आपल्याच पर्यावरण मंत्रालयाने वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती मागणारं परिपत्रक काढलं. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभा खाणीला नाही म्हणाल्या. न्यूयॉर्कमधलं वाक्य डोंगराळ पाड्यावर असं उतरलं. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ही संमती तपासण्याची जबाबदारी सैल केली आणि ती राज्यांवर ढकलली. तत्त्व रद्द कोणी केलं नाही. फक्त ज्या टप्प्यावर ‘नाही’ला किंमत होती, तो टप्पा सरकवला. तत्त्वाला मारायची ही सर्वांत सोज्वळ रीत आहे.

हिशेब

या आढाव्यातून काय हाती लागतं? के. टी. शहांचा चेक वटतो का, याचं उत्तर कधी हो, कधी नाही असं आहे. पण कधी हो आणि कधी नाही, याची रीत इथे दिसते.

तत्त्व किती थोर शब्दांत लिहिलंय याने फरक पडत नाही. न्यायालयात जाता येतं की नाही यानेही आपल्याला वाटतो तितका पडत नाही: बांबूचा हक्क न्यायालयात जाण्याजोगा होता, तरी दोन वर्षं नाक्यावर अडून होता. फरक पडतो तो तत्त्वाचा एखादा कागद, शिक्का, चित्र, पुस्तक त्याच्याच हाती आहे का, ज्याच्या जगण्यावर ते लागू होतं. टीपीचं पुस्तक, आडव्या बाटलीची मतपत्रिका, नियमगिरीतला ठराव: जिथे असा कागद हाती होता तिथे तत्त्व चाललं. चंद्रपूरची बंदी, सुरजागडची सुनावणी, गाव उठवतानाची संमती: जिथे कागद दुसऱ्याच्या कपाटात होता तिथे तत्त्व त्याच्या सोयीने उघडलं नि मिटलं.

दुसरी गोष्ट किमतीची. तत्त्व सांगणारा आणि त्याची किंमत मोजणारा वेगळे असले की तत्त्व स्वस्त होतं. मुंबईत बसून वाघ वाचवणं सोपं आहे, मुंबईत बसून रोजगार देणंही सोपं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात, पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्या गावाला हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गाव अनुसूचित क्षेत्रात नाही, तिथे पेसा नाही. फक्त वनहक्क कायदा आणि ग्रामसभा. गावाने बांबूचा व्यवसाय बसवला, नियम लिहून काढले. त्यात एक नियम असा: तेंदूपत्ता तोडायचा नाही. पानं चांगली फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, जंगलाला आगी लावतात. आणि शेवटी त्याची विडी होते. जंगलाचा एक तुकडा, सुमारे ३४ हेक्टर, गावाने कुऱ्हाडीशिवाय राखून ठेवला. कोणत्याही कलमाने हे सांगितलेलं नव्हतं. मे महिन्यात आसपासच्या गावांत तेंदूचे पुडे बांधले जातात, संध्याकाळी मोजणी होते, रोख हातात येते, आणि पाचगावच्या बाया त्या दिवसांत ती रोख सोडून देतात. दरवर्षी. पाचगावच्या वहीत लिहिलेली ती ओळ कलम ४८ अ पेक्षा कितीतरी लहान आहे. पण ती ज्यांनी लिहिली, तिचे पैसेही तेच भरतात.